पियानोतला दिवा

“पियानोला काही झालेलं नाही,” आसाफकाका दारातच म्हणाले. “झालंय ते हिच्या हातांना. तू नुसता सूर लावून दे.”

एवढं बोलून त्यांनी माझ्या खांद्यावरची हत्यारांची पिशवी ओढून घेतली. काकांचं आयुष्य एसटी स्टँडवर कंट्रोलर म्हणून गेलेलं. गाड्या पुकारून पुकारून आवाज असा झाला होता की, ते कुजबुजले तरी शेजारच्या कुत्र्याने मान वर करावी. त्या दिवशी मात्र ते जिवाच्या कराराने हळू बोलत होते. तेवढ्यावरूनच मला कळलं की, घरात काहीतरी फार बिनसलंय.

“हातांना काय झालं?”

“गेले.” त्यांनी आतल्या खोलीच्या लोटलेल्या दाराकडे पाहिलं. “सोमवारी साताऱ्याला ऑपरेशन आहे. आधी उजवा, मग डावा. मनगटाला चीर देऊन कसलीशी नस मोकळी करतात म्हणे. बँडेज सुटलं की ती इथेच येऊन बसणार ना? तेव्हा पियानो तयार पाहिजे.”

पाचगणीतला पाऊस नुकता उलटला होता. भिंतींची शेवाळ अजून ओली होती आणि घरोघरी गाद्या उन्हात पडल्या होत्या. दरवर्षी याच सुमाराला मी पुण्याहून वर यायची. दोन-तीन शाळांचे पियानो, एका जुन्या बंगल्यातला एक, आणि शेवटी चर्चच्या मागचं हे उबाळ्यांचं पत्र्याचं घर. आधी ही फेरी माझे बाबा करायचे. बाबा सुतार. कॅम्पातल्या एका दुकानात पियानोच्या पेट्या दुरुस्त करता करता आतलं सगळं शिकले आणि मग मला शिकवलं. आदल्या वर्षी बाबा गेले, म्हणून माझी फेरी चुकली होती.

उबाळ्यांच्या घरी मी फ्रॉकमध्ये असल्यापासून येत होते. पर्सिसमावशी वाजवायच्या तेव्हा मी पियानोच्या बाजूला जमिनीवर बसून पाठीला त्याची थरथर लावून घ्यायची. गावातल्या निम्म्या पोरांना त्यांनी शिकवलं. चर्चमध्ये रविवारी त्या बसल्या नाहीत असं कुणाला आठवत नव्हतं. आसाफकाकांचं मात्र उलट. आईबापांनी नाव बायबलमधल्या गवयाचं ठेवलं, पण काका गाऊ लागले की पुढच्या बाकावरची माणसं हळूच मागे वळून बघत. लग्न झाल्या झाल्या त्यांनी एकदा हौसेने पियानोची एक पट्टी दाबली होती, तेव्हा मावशी म्हणाल्या, “अहो, तिला लागतं.” त्यानंतर काकांनी जन्मात पट्ट्यांना बोट लावलं नाही. ते झाकण पुसायचे, पण आतल्या सुरांशी त्यांचा काही संबंध नव्हता.

त्यांचा संबंध होता तो दिव्याशी.

पाचगणीच्या पावसात पियानो जगवायचा तर त्याच्या पोटात बल्ब जळत ठेवावा लागतो. पेडलांच्या वरची फळी काढली की आत बरीच मोकळी जागा असते. तिथे बाबांनी चाळीसचा एक बल्ब लावून दिला होता आणि काकांना बजावलं होतं, “उबाळेसाहेब, पावसाळाभर हा दिवा विझू द्यायचा नाही. तुमच्यावर सोपवतो.” काकांनी ते असं मनावर घेतलं की बस. बल्ब गेला की हातातलं ताट बाजूला सारून उठायचे. दुसरा बल्ब कपाटात तयार असायचा. पियानोशेजारच्या खिळ्याला एक फडकं टांगलेलं होतं, तापलेला बल्ब धरून काढायला. त्याच्यावर जागोजागी तपकिरी डाग पडले होते. लोक विचारायचे, “आसाफराव, बाई वाजवतात, मग तुम्ही काय करता?” काका छाती काढून सांगायचे, “मी दिवा बघतो.”

“मावशींना भेटू का आधी?” मी विचारलं.

“भेटून काय करणार? भिंतीकडे तोंड करून पडलेली असते.” काका खुर्चीत बसले. दोन पावसाळ्यांत दहा वर्षांनी म्हातारे दिसायला लागले होते. “आषाढात सुरू झालं. वाजवता वाजवता थांबायची, बोटं चोळायची. मी म्हटलं, थंडी आहे. मग एक दिवस झाकण लावलं, कुलूप घातलं आणि म्हणाली, ‘अहो, माझे हात गेले.’ शिकायला येणाऱ्या पोरांना दारातून परत पाठवलं. चर्चमध्ये निरोप धाडला की, दुसरं कुणी बघा. कुंदा, आता तिला घाससुद्धा धरवत नाही. मी भरवतो.”

“डॉक्टर काय म्हणाले?”

“तपासणीत थोडंफार निघालं. ते म्हणाले, या वयात निघतंच, नुसतं तेवढ्यावर मी कापणार नाही. पण ही म्हणाली, अजिबात हलत नाहीत, दुखतात, करून टाका. मग ते तरी काय करणार?” काकांनी दोन्ही तळवे गुडघ्यांवर घासले. “तेल झालं, शेक झाला, प्रार्थना झाल्या. माझ्या डोळ्यांसमोर संपत चाललीय गं ती. एवढं ऑपरेशन लागू पडलं पाहिजे. नाही पडलं तर मला पुढचं काही दिसत नाही.”

त्यांचे डोळे भरून आले. माझी जीभ एरवी तिखट, पण अशा वेळी नेमकी टाळ्याला चिकटते.

“झाकणाची किल्ली द्या,” मी म्हटलं.

किल्ली मावशींच्या उशाखाली होती. काका आत गेले. थोडा वेळ नुसता त्यांचाच आवाज ऐकू आला. मग मावशींचा, बारीक पण धारदार: “कशाला बोलावलंत तिला? मला विचारायचं तरी!” काका किल्ली घेऊन बाहेर आले तेव्हा चोरी करून आल्यासारखे दिसत होते.

मी झाकण उघडलं आणि मधली एक पट्टी दाबली. ती खाली गेली आणि खालीच राहिली. शेजारची दाबली, ती अर्ध्यातच अडली. तिसरीतून आवाज आला, पण तो सूर नव्हता, टिनाच्या डब्यावर चमचा आपटल्यासारखं काहीतरी होतं. मी काकांकडे पाहिलं. ते शांत उभे होते. त्यांना त्यात वावगं काही वाटलंच नव्हतं. सूर लावायला आलेली बाई असेच आवाज काढत असणार, असं त्यांना वाटलं असावं.

“लागेल ना तासाभरात?” त्यांनी विचारलं.

मी पुढे झाले. वरचं झाकण उचललं. ओल्या घोंगडीचा वास भपकन नाकात शिरला. तारांवर आपटणाऱ्या हातोड्यांच्या बनातीवर पांढरी बुरशी धरली होती. तारा तांबूस पडल्या होत्या. हे घर सोडून दुसऱ्या कुठल्याही घरात मी म्हटलं असतं, दिवा बंद ठेवलात ना? पण इथे तो प्रश्न विचारणं म्हणजे पुजाऱ्याला आंघोळ केलीस का विचारण्यासारखं होतं. आणि पेडलांच्या फटीतून उजेड तर स्वच्छ दिसत होता.

मी खाली बसले आणि पुढची फळी काढली.

आत लख्ख पांढरा प्रकाश होता. इतका की मी डोळे बारीक केले. मग मी हात आत घातला. बल्बच्या अगदी जवळ नेला, आणखी जवळ नेला, आणि शेवटी त्याला बोट लावलं.

“बघितलास?” मागून काका म्हणाले. त्या सकाळी पहिल्यांदाच त्यांच्या आवाजात जीव आला होता. “तू गेल्या वर्षी आली नाहीस, पण माझं काम चुकलं नाही. ते जुने पिवळे बल्ब हल्ली धड मिळत नाहीत आणि मिळाले तरी पंधरवड्यात जातात. बाजारातल्या पोराने हा एलईडी दिला. पाच वॉटचा आहे, पण उजेड चाळीसचा. वर गॅरंटी! मागच्या वर्षी पावसाच्या आधी लावला तो आजतागायत विझलेला नाही. एकदासुद्धा नाही. तुझे बाबा असते तर खूश झाले असते.”

मी फळीचा आधार धरून तशीच बसून राहिले. पाठ त्यांच्याकडे होती ते बरं झालं.

बाबांनी दिवा विझू देऊ नका म्हणून सांगितलं होतं. ऊब सुटू देऊ नका, असं म्हणायचं त्यांना सुचलं नव्हतं. त्या काळी दिवा म्हटला की ऊब आलीच, वेगळं कोण सांगतो? आणि या माणसाने दोन पावसाळे, निष्ठेने, एका क्षणाचाही खंड न पाडता, पियानोच्या पोटात थंडगार उजेड पाळला होता.

“काय गं? काही बिघडलंय?”

“नाही. पट्ट्या जरा घासाव्या लागतील,” मी म्हटलं. “पॉलिशपेपर आणायचा राहिला. बाजारातून आणून देता? अगदी बारीक बघून आणा.”

“आत्ता आणतो,” म्हणून काका छत्री घेऊन निघालेसुद्धा. पाऊस नव्हता, पण पाचगणीचा माणूस छत्री सोडत नाही.

ते फाटकाबाहेर पडल्याबरोबर मी आतल्या खोलीचं दार ढकललं. मावशी खरंच भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. गळ्यापर्यंत चादर होती. मी बोलणार एवढ्यात माझं लक्ष चादरीच्या कडेला गेलं. तिथून त्यांचा उजवा हात बाहेर आला होता आणि गादीवर बोटं चालत होती. सावकाश, एकेक सुटं, अंगठा खालून नेऊन पुढची बोटं पलीकडे टाकत. रविवारी प्रार्थना संपल्यावर लोक बाहेर पडताना त्या जे वाजवायच्या, तेच. मी ते इतक्यांदा ऐकलं होतं की नुसत्या बोटांवरून ओळखलं. एकही बोट अडखळलं नाही.

“मावशी.”

बोटं थांबली. हात चादरीत गेला. मग माझ्याकडे न वळताच म्हणाल्या, “बल्ब बघितलास?”

“बघितला.”

“त्यांना बोललीस?”

“नाही. बाजारात पाठवलंय.”

त्यांनी कूस बदलली. चेहरा ओढलेला, पण डोळे अगदी जागे होते. “हुशार आहेस. बस.”

मी पलंगाच्या कडेला बसले. “तुम्हाला कधीपासून माहीत आहे?”

“आषाढात. पट्ट्या जड व्हायला लागल्या. मला आधी खरंच वाटलं, बोटंच गेली. चांगले दोन आठवडे वाटत होतं. मग एक दिवस एका पोराची पेन्सिल खाली घरंगळत गेली, म्हणून मी फळी सरकवून आत हात घातला. आत गारठा. कुंदा, मी त्या बल्बला हात लावून तशीच बसून राहिले. तेव्हाच कळलं की हा आता वाचत नाही.”

“मग सांगायचं ना तेव्हाच! मला फोन करायचा!”

“काय सांगायचं?” त्या उठून बसल्या. “त्या दिवशी हे बाहेर बसून शेजाऱ्याला सांगत होते, अमुक महिन्यापासून दिवा विझला नाही म्हणून. अगं, त्यांना माझ्या वाजवण्यातलं काही कळत नाही. मी चुकले तरी कळत नाही, छान वाजवलं तरी कळत नाही. चर्चमध्ये सगळे मला शाबासकी देतात तेव्हा हे बाजूला उभे राहतात, अवघडून. पण माझं संपलं की घरी येऊन आधी वाकून दिवा बघतात आणि मग माझ्याकडे बघून हसतात. ते हसू बघितलंयस तू? त्यांना वाटतं, आज जे वाजलं त्यात निम्मं माझं होतं. आणि खरंच होतं.”

“पण मावशी...”

“हात गेले म्हटलं, तर देवाने नेले. त्याला कुणी काय करणार? पियानो गेला म्हटलं, तर कुणी घालवला?”

“आणि सोमवारी?” मला आता राग यायला लागला होता. “सोमवारी काय करणार? धडधाकट हात कापून घेणार?”

“लहानशीच चीर असते म्हणाले.”

“लहानशी असो की केवढीही असो! उद्या काही वाकडं झालं, नस दुखावली, बोटं खरंच हलेनाशी झाली तर?”

“मग खोटं बोलायचं तरी संपेल.” हे त्या अगदी साधेपणाने म्हणाल्या. “मी नको म्हटलं होतं. पण ते रोज विचारतात, आज कसंय? रोज तेल लावतात, एकेक बोट चोळतात. रडतात गं. मी झोपलेय असं वाटलं की रडतात. त्यांना काहीतरी करायला हवं होतं. ऑपरेशन म्हटल्यावर त्यांना आशा लागली. ती कशी काढून घेऊ? आणि हे हात ठेवून तरी मी काय करू? ज्याच्यावर वाजवायचं तो तर बाहेर मरून पडलाय.”

“मी सांगते काकांना.”

“तू काही सांगणार नाहीस.” त्यांनी माझं मनगट धरलं. काय पकड होती ती! त्या पकडीत जन्मभराचं वाजवणं होतं. “आम्ही ख्रिस्ती माणसं शपथा घालत नाही, तुला ठाऊक आहे. नुसतं म्हणते. कुंदा, सांगू नकोस.”

शपथ घातली असती तर मोडता आली असती. मी मान हलवली आणि बाहेर आले.

मग मी पियानोवर तुटून पडले. मला एकच दिसत होतं, मधली दोन सप्तकं जरी बोलती झाली, तरी मावशींना बाहेर ओढून आणता येईल. “बघा काका, बोटं सुटली,” म्हणता येईल. चमत्कार झाला म्हणू, तेलाचा गुण आला म्हणू, काय वाटेल ते म्हणू. भराभर पट्ट्या उपसून मी वर्तमानपत्रावर मांडल्या. फुगलेली बनात दाबून मोकळी केली. एका तारेच्या खुंटीला चावी लावून पिळलं. सूर वर चढला, मी चावी सोडली आणि तो माझ्या कानांदेखत खाली घसरला. पुन्हा पिळलं, पुन्हा घसरला. ओल्या भिंतीत खिळा ठोकावा तशी खुंटी नुसती फिरत होती. दुसरी घेतली. तिसरीला तार तुटली आणि माझ्या हातावर सपकन लागली. टॉर्च लावून मागची फळी बघितली तर ती सरळ चिरली होती. तारा ज्या घोडीवरून जातात, तिचं एक टोक सरस सुटून उचललं गेलं होतं. जुना लाकडी जीव, इतकी वर्षं उबेला सवकलेला. दोन पावसाळ्यांत त्याचं सगळं सुटलं होतं. बाबा असते तर त्यांनी एकदा हात फिरवला असता आणि पिशवी आवरली असती.

मी मात्र आवरली नाही. चौथी खुंटी पिळत असताना आपण रडतोय हे माझ्या लक्षात आलं.

फाटक वाजलं. मी तोंड पुसलं.

काका आत आले. वर्तमानपत्रावर ओळीने पडलेल्या पट्ट्या पाहून थबकले. “एवढं सगळं काढलंस?”

“साफ करतेय.”

त्यांनी पॉलिशपेपर माझ्या हातात दिला. “बारीक मागितला. त्याने तीन दाखवले, मी हात फिरवून बघितले आणि सगळ्यात गुळगुळीत तो आणला.” मग लहान पोरासारखं विचारलं, “सोमवारनंतर किती दिवसांनी वाजवता येईल गं तिला?”

तो प्रश्न ऐकला आणि माझ्या मनाने ठरवलं. शब्द मी दिला होता, तो मोडणार नव्हते. एक अक्षर बोलणार नव्हते. पण त्या घरात ज्या हातांनी मला लहानपणी बिस्किटं दिली, ते हात फुकट कापले जाताना नुसतं बघणंही मला शक्य नव्हतं. आजही तीच वेळ आली तर मी तेच करीन.

“काका,” मी म्हटलं, “तो दिवा जरा काढून देता? मला आत हात घालायला अडचण होतेय.”

“हो, हो. थांब, तू नको हात लावू.”

त्यांनी बटण बंद केलं. सवयीने खिळ्यावरचं फडकं काढलं, त्याची चौपदरी घडी केली, गुडघे धरत खाली बसले आणि हात आत घातला. पूर्वी दर पंधरवड्याला केलेलं काम. पण हा नवा बल्ब कधी गेलाच नव्हता. त्यामुळे लावल्यापासून त्याला पुन्हा हात लावायची वेळ आली नव्हती.

त्यांनी फडक्यात बल्ब धरला, अर्धा आटा फिरवला आणि थांबले.

मी खुंट्यांकडे बघत राहिले.

त्यांनी बल्ब काढून बाहेर आणला. फडकं उलगडलं. मग तो उघड्या तळहातावर घेतला, दुसऱ्या तळहाताने झाकला, नंतर गालाला लावला. आत्ता, या घटकेपर्यंत जळत असलेला दिवा.

“कुंदा,” ते म्हणाले, आणि या खेपेला खरंच कुजबुजले. “हा थंड आहे.”

मी हातातली चावी खाली ठेवली.

“तो जुना... तो भाजायचा. फडकं करपायचं.” त्यांनी फडक्यावरच्या डागांवर अंगठा फिरवला. मग वर्तमानपत्रावरच्या पट्ट्या पाहिल्या, बुरशी पाहिली, माझ्या हातावरचा तुटक्या तारेचा लाल वळ पाहिला. जन्म गाड्यांची गणितं जुळवण्यात गेलेला माणूस. कुठली गाडी का चुकली हे शोधत मागे मागे जायची त्यांना सवय होती. ते तसे मागे जाताना मला दिसत होते. “ऊब द्यायची होती. उजेडाचं काही नव्हतंच. पट्ट्या अडकल्या. अडकल्या, म्हणून तिला वाजवता येईना.” ते थांबले. “मग तिचे हात?”

मी मान खाली घातली.

“हात चांगले आहेत तिचे?”

मी गप्प.

“तिला माहीत आहे? या दिव्याचं?”

मी तेव्हाही गप्पच राहिले. पण माझा चेहरा कधी माझं ऐकत नाही.

काकांनी तोंडावर ते फडकं दाबलं. त्यांचे खांदे हलत होते, आवाज मात्र बिलकुल नव्हता. त्या माणसाला आवाज न करता रडता येतं, हे मला मावशींनी सांगितलं नसतं तर मी खरं मानलं नसतं. मी त्यांच्या शेजारी जमिनीवर बसले. पियानोचं पोट आमच्यासमोर उघडं, अंधारं पडलं होतं.

“माझ्यासाठी,” ते फडक्यातून म्हणाले. “हात कापून घेणार होती. माझ्यासाठी.”

“काका, आत जा आणि बोला मावशींशी. आत्ताच्या आत्ता.”

त्यांनी डोळे पुसले आणि नकारार्थी मान हलवली. “तिने एवढं केलं ते मला कळू नये म्हणून ना? मग मला कळलं असं तिला सांगू? तिचं सगळं पाण्यात घालू?” त्यांनी माझ्याकडे पाहिलं. “तिला कळू देऊ नकोस, कुंदा. मला कळलंय हे.”

माझ्या तोंडाशी आलं होतं, अहो, तुम्ही दोघं ठार वेडे आहात. एकाच भिंतीच्या दोन बाजूंना डोकी आपटताय, मध्ये दार उघडं आहे! पण तेवढ्यात आतल्या खोलीत पलंग करकरला. पावलं वाजली.

काकांनी झटकन बल्ब उचलला.

मावशी दारात येऊन उभ्या राहिल्या. कित्येक दिवसांत पहिल्यांदाच उठून बाहेर आल्या असाव्यात. बाहेरची शांतता त्यांना सहन झाली नसावी. दोन्ही हात पदराखाली लपवलेले होते. त्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं, कठोर, विचारणाऱ्या नजरेने. मी डोळ्यांनीच सांगितलं, मी नाही बोलले. ते खरंच होतं.

“काय चाललंय?” त्यांनी विचारलं.

“काही नाही,” काका म्हणाले. आवाज थोडा फाटला, तो त्यांनी खाकरून सावरला. “कुंदा साफसफाई करतेय. आणि ऐक, सोमवारचं मी रद्द करतोय.”

“का?”

“मला नाही जमायचं. तुला तिथे टेबलावर झोपवून बाहेर बसायला मला नाही जमायचं. रात्रभर विचार केला. नाही चालले हात, तर नाही चालले. मी आहे ना. भरवीन, वेणी घालीन, सगळं करीन. कापाकापी नको.”

मावशी त्यांच्याकडे बघत राहिल्या. पदराखाली त्यांच्या मुठी वळल्याचं मला दिसलं. सुटका झाली होती आणि त्याच वेळी जन्मठेपही झाली होती, आणि ते दोन्ही त्यांना कळलं होतं.

“बरं,” त्या म्हणाल्या. मग, “आणि पियानो?”

दोघांनीही माझ्याकडे पाहिलं. दोघांच्याही डोळ्यांत एकच विनवणी होती, आणि दोघांना वाटत होतं की ती आपली एकट्याची आहे.

“पियानोला काही झालेलं नाही,” मी म्हटलं. “ठणठणीत आहे.”

आज दोघंही या जगात नाहीत, म्हणून हे सांगता येतंय. मावशी त्यानंतर चार वर्षं होत्या. पुन्हा कशावरच वाजवलं नाही. चर्चच्या लोकांनी इलेक्ट्रिकचा नवा कीबोर्ड दाखवला तेव्हा म्हणाल्या, हात गेलेत, आता कशाला. काका शेवटपर्यंत त्यांना घास भरवत होते. मी दरवर्षी जायची. पट्ट्या पुसायची, फळी उघडायची, लावायची, थोडी खुडबूड करून चहा घेऊन निघायची. काका फाटकापर्यंत सोडायला येत, पण त्या विषयावर पुन्हा एक शब्द बोलले नाहीत. मावशीही बोलल्या नाहीत. मला दोघांचाही राग यायचा. घाट उतरेपर्यंत यायचा, आणि मग डोळ्यांत पाणी यायचं.

त्या पहिल्या दिवशी मी सगळ्या पट्ट्या जागच्या जागी बसवल्या, वरचं झाकण लावलं, कुलूप घातलं आणि किल्ली मावशींच्या हातात दिली. त्यांनी ती दोन तळव्यांमध्ये कशीबशी, बोटं न वाकवता धरली. खालची फळी लावायची तेवढी राहिली होती.

“थांब,” काका म्हणाले. “दिवा राहिला.”

ते पुन्हा गुडघे धरून खाली बसले. आटे फिरवून बल्ब बसवला, बटण दाबलं. पांढरा लख्ख प्रकाश त्यांच्या चेहऱ्यावर पडला. बल्ब किंचित तिरका बसला होता. तो सरळ करायला त्यांनी हात पुढे केला, मग क्षणभर थांबले, फडकं उचललं, त्याची नीट चौपदरी घडी केली आणि त्या फडक्याने बल्ब धरला.

“जपून हं,” दारातून मावशी म्हणाल्या. “भाजेल.”

“सवय आहे मला,” काका म्हणाले.